मधला श्वास

चियातुरातल्या खाणकामगारांच्या जुन्या तालमीत
हिवाळ्यात लोखंडी दांडी इतकी गार असायची
की हात सोडवताना कातडं तिथेच राहील असं वाटे.
जुम्बेर खुर्चीत. पायाशी रॉकेलची शेगडी,
खिशात रुमाल, रुमालात काळं.
सव्वीस वर्षं मँगनीज खणून तो वर आला
तेव्हा फुप्फुसं निम्मीच उरली होती.
त्या निम्म्यावर तो स्वतः दम खात
आम्हाला दम धरायला शिकवायचा.

"छातीत नको. छातीत पाहुणे बसतात.
खाली उतरव, पोटात,
पुढे, बाजूंना, पार पाठीकडे,
पट्ट्याला आतून धक्का बसला पाहिजे.
मग दार लाव."
एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागे.

मी तेरा वर्षांची. दार लावायचं म्हणजे गाल फुगवायची.
एकदा त्याने मक्याच्या पिठाची दोन पोती आणवली,
एक गच्च, एक अर्धं.
गच्च उभं राहिलं. अर्धं कमरेत मोडलं.
"यातल्या कुणाच्या डोक्यावर ओझं ठेवशील?"

मग समजलं.
बसकणीच्या तळाशी, डोळ्यांच्या कडा काळ्या होतात तिथे
सोडायचा नाही.
मांड्या थरथरतात, तिथेही नाही.
अवघड वळण मागे पडलं की दातांमधून
सायकलच्या ट्यूबसारखा, थोडाच.
आणि दांडी खांद्यांवर आली की
डोक्यावर नेण्याआधी अजून एक.
"हा मधला. सगळे विसरतात.
ओझं टेकवून कुणीही घेईल श्वास.
हा ओझ्यासकट घ्यायचा."

रुस्तावीच्या स्पर्धेत मी विसरले.
एकाहत्तर किलो खांद्यांवर, दिवे लांब गेले,
आणि जाग आली तेव्हा छत दिसत होतं.
परतताना गाडीत तो काही बोलला नाही,
संत्रं सोलून फोडी देत राहिला.
झेस्ताफोनी गेल्यावर एवढंच,
"विसरलीस."

आता त्याची त्सियाला इटलीत
दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्याला भरवते, पैसे पाठवते,
म्हणून संध्याकाळी मी जाते. चौथा मजला.
प्राणवायूचं यंत्र फ्रिजसारखं घुमत असतं.
पलंगावरून खुर्चीत न्यायचं त्याला, खिडकीशी,
आकाशपाळणे दिसतात म्हणून.

अठ्ठेचाळीस किलो.
माझी नुसती दांडी आणि दोन लाल चकत्या
याहून जड असतात.
तरी मी पाय नीट रोवते, खाली वाकते,
पोटात घेते, पाठीकडे, दार लावते.
काखेत हात घालून उचलते.
माझ्या मानेवर त्याचा श्वास,
चिमणीने दाणा टिपावा तसा, घाईघाईत.

काल असंच उचललं
आणि त्याच्या बरगड्या माझ्या हातांना मोजता आल्या.
कसा कोण जाणे, सगळा सुटला माझा.
उभी राहिले तशीच त्याला धरून,
ना पलंगाशी, ना खुर्चीशी.

त्याने नाकावरचा मुखवटा बोटाने बाजूला केला.
"लवकर सोडलास," म्हणाला.
थांबला. दोनदा थांबला.
"इथे घे. मधला."

घेतला.
खुर्ची अजून दोन पावलं होती.