तिसरं घर

पारोळ्यात, तहसीलमागच्या गल्लीत माझं दुकान :
एक संगणक, एक अंगठ्याचं यंत्र,
शेजारच्या चक्कीतून येणारा मिरचीचा खकाणा.
बायका अर्ज भरायला येतात.
सातवा रकाना, व्यवसाय.
विचारते, काय करता?
म्हणतात, काहीच नही.
मी 'घ' दाबते. पुढचं संगणकाला पाठ आहे :
घरकाम.

चार अक्षरं, काना एकच.
ना वेलांटी, ना उकार.
वरच्या साहेबाला हाही शब्द जास्त वाटतो,
तो म्हणतो, निरंक टाका.

नवरा म्हणतो, घराचं काम काढलंय,
तेव्हा विटा येतात, वाळू येते,
गवंड्याला दोनदा चहा जातो,
स्लॅब पडला की पेढे.
मध्ये एवढासा 'चं' आला
की काम रस्त्यावरूनही दिसतं
आणि एक दिवस संपतं.

माझ्या बायोडाट्यात तोच शब्द नटून बसला होता,
बी.कॉम.च्या खाली : गृहकृत्यदक्ष.
तेव्हा मला कुकरची शिट्टीही मोजता येत नव्हती.

मंगळवारी कौतिकबाई धुडकू माळी आली.
काय करता?
काहीच नही.
दुसऱ्यांकडे?
हां, डॉक्टरनं नि बोहरीनं.
मग मी मागे 'गार' जोडला. घरकामगार.
एकूण घरं?
तीन.
तिसरं कोणाचं?
मन्हं.
मी हसले. ती नाही हसली.
'तठे बी भांडाच घासस ना मी?'

यंत्राला प्रत्येक घराच्या मालकाचं नाव हवं.
दोन नावं तिने खणखणीत सांगितली.
तिसऱ्या मालकाचं नाव विचारलं
तर पदर दातात धरून भिंतीकडे वळली,
कार्डवर शे ना, म्हणाली.

मी दोनच लिहिली.

अंगठा जुळेना.
पदराला पुसला, जुळेना.
मी तेलाचं बोट लावलं, पुन्हा पुसलं,
काचेवर नुसता गुळगुळीत ठिपका.
मग तर्जनी, मग मधलं.
शेवटी करंगळी लागली.
भांडं घासताना तीच तेवढी
राखेपासून जरा वर राहते.

पावती तिने चार घड्या करून कमरेच्या पिशवीत सारली.
किती?
तीस रुपये.
तिने दहाच्या नोटा काढल्या. एक. दोन.
तिसरी परत आत ठेवली.
'दोनच घरं लिखात ना तू?
वीस ले.'

मी वीस घेतले.