लिस्बन, पायी

सकाळी कुलूपच अडलं.
चौथ्या मजल्यावर, भाड्याच्या दारासमोर
मी हिसडत होते येईल तशी,
तर शेजारच्या दोना एर्मेलिंडा बाहेर आल्या,
अंगात गाउन, पायांत दोन रंगांचे मोजे,
म्हणाल्या, शाव, शाव,
आणि हवेत बोट फिरवून दाखवलं. उलट.

चावी, मी म्हटलं.
त्या हसल्या. शाव.
तुमच्याच गलबतांतून आलेला तो जुना च
आमच्याकडे अजून शाबूत आहे, बाई,
हे सांगण्याइतकी भाषा मला येत नव्हती.

ट्रामसाठीची रांग वळणापलीकडे गेली होती.
मी चालत सुटले.
सात टेकड्यांचं शहर, असं जिथे तिथे लिहिलेलं,
माझ्या गुडघ्याने दुपारपर्यंत अकरा मोजल्या.
जिने, जिन्यांना फुटलेले जिने,
एका खिडकीत वाळणारा फुटबॉलचा शर्ट
आणि त्यातून ठिबकणारं पाणी, नेमकं मानेवर.
नकाशा मी पर्समध्ये ठेवून दिला.
त्याला चढ दिसतच नाहीत.

एकटीच? हा प्रश्न
विमानात बसेपर्यंत अठरा जणांनी विचारला होता.
इथे फक्त वेटरने,
तोही न बोलता,
समोरची बशी उचलून नेताना.

फळ्यावर खडूने लिहिलं होतं: पेरू.
एवढ्या तंगडतोडीनंतर
मीठ-तिखट लावलेल्या फोडी डोळ्यांपुढे आल्या,
मी बोट ठेवलं.
आली ती टर्की. भाजलेली, अख्खी तंगडी.
सोबतचा बटाटा मात्र बटाटाच होता,
नावानेही.
आधी मी तेवढाच खाल्ला.
मग इकडेतिकडे पाहिलं.
मग टर्कीही.

मोरारियाच्या एका बोळात
फूटपाथ उकरलेला.
गुडघे टेकून बसलेला एक माणूस
डाव्या तळव्यावर पांढरा दगड धरून
उजव्या हाताने हातोडी मारत होता,
हातातल्या हातात नारळ फोडावा तसा.
टक्. कोपरा उडाला.
दगड बसला शेजाऱ्याच्या कुशीत.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे.
त्याच्या भाच्याला थोडं इंग्रजी येत होतं:
मामाचं नाव आदेरितो, गाव बेटावर, लांब,
आणि बायकांच्या टाचा फटीत अडकल्या
की शिव्या मामालाच.
मी माझे सपाट बूट दाखवले.
आदेरितोने ते नीट पाहिले
आणि माझ्यासमोर एक काळा दगड धरला.

एकतीस वर्षं मी बांधकाम खात्यात होते.
रस्त्यांच्या फायली किती हातांखालून गेल्या,
डांबराचे दर, खडीचे दर,
मंजूर, नामंजूर, कार्यवाहीसाठी सादर.
रस्त्याला कधी हात लावला नव्हता.

दगड ऊन होता. वाटला त्याहून जड.
मी लाटेच्या शेपटाशी ठेवला.
त्याने काढला, फिरवला,
सपाट बाजू वर करून परत ठेवला,
तीनदा ठोकला.
‘पास,’ भाचा म्हणाला. बहुधा थट्टेने.

मग बाकीचं शहरही पाहिलं.
चर्च, आणखी एक चर्च,
निळ्या फरशांवरची निळी लढाई,
जिच्यातला एक घोडा सोडून सगळे दमलेले.
नदीला इथे तेजो म्हणतात.
उन्हं उतरली तेव्हा कळलं,
दुसरं काही म्हणता आलं नसतं.

अंधार पडल्यावर त्याच बोळातून परतले.
माणसं गेलेली. हातोडीही.
सगळ्यावर वाळू पसरून ठेवलेली,
पांढरं-काळं एक झालेलं.
बुटाच्या टोकाने मी थोडी वाळू सारली,
मग थोडी पलीकडे.
लाट दोनदा सापडली, शेपूट नाही.

काही हरवलं का, असं दारात सिगारेट ओढणाऱ्या
एका पोरीने हातानेच विचारलं.
मी मान हलवली, नाही म्हणून,
वाळू पायाने पूर्ववत केली
आणि तेवढा तुकडा
फूटपाथवरून उतरून,
रस्त्याच्या कडेकडेने गेले.