मधल्या गती

मे महिना, ग्वाल्हेर, आणि गाडीचा पंखा
एक तर बंद, नाहीतर थेट चारवर.
एक, दोन, तीन –
बटण फिरतं, खट् खट् वाजतं,
आत काही हलत नाही.
चारवर मात्र कानात वावटळ
आणि शेजारून दादाचं, "काय म्हणालीस?"
मी काहीच म्हटलेलं नसतं.

घरातही तेच. आईनंतर आम्ही भावंडं
एक तर गप्प,
नाहीतर जनकगंजच्या नाक्यापर्यंत ऐकू जाईल इतकं.

ट्रान्सपोर्ट नगरात लाखन कुशवाह
ओल्या पंच्याखाली डोकं घालून बसलेला.
"किसी भैया को भेज देतीं, मॅडम."
म्हटलं, पंख्याचं रेझिस्टर हवंय, दोन हजार सहाच्या गाडीचं,
चार पिनांचं. पाचाचं दाखवू नका.
तेव्हा पंचा निघाला.

गोणी उपडी केली त्यानं.
रबरी नळ्या, कॉम्प्रेसरची पुली,
कुणाच्या तरी अपघातात वाकलेला कंडेन्सर,
त्याच्या जाळीत एक नाकतोडा, वाळून कागद झालेला.
तळाशी हे: काडेपेटीएवढं, वेटोळ्या तारांचं,
एका कडेला पोळीसारखं करपलेलं.

साडेतीनशे.
मी दोनशे.
"दो सौ में तो डिब्बा नहीं आता."
डबा नकोच आहे मला.

तो हसला. बॅटरीला वायरी लावल्या,
उघडा पंखा काउंटरवर ठेवला.
एकवर पात्यांनी नुसती कूस बदलली.
दोनवर पावतीबुकाचं पान उचललं गेलं.
तीनवर पंच्याचं टोक.
आम्ही दोघंही बघत राहिलो, गिऱ्हाईक नि दुकानदार,
लहान मुलांसारखे.
चार लावायचं कुणाला सुचलंच नाही.

"गाडी किसकी थी?"
"भिंड साइड की. आगे का सब गया, ये बच गया."
पुढचं त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
अडीचशे ठेवले. त्यानं मोजले नाहीत.

संध्याकाळी दादाला डोळ्यांच्या डॉक्टरकडून आणताना
फूलबागेपाशी पहिल्यांदा दोनवर केलं.
जुनाट धुळीचा वास आला, दुसऱ्या कुठल्या गावची धूळ,
मग नुसता गार वारा.
काळा चष्मा लावलेला दादा खिडकीकडे तोंड करून,
हळूच, जवळजवळ स्वतःशीच:
"इथे बर्फाचा कारखाना होता ना गं?"

ऐकू आलं मला.

"दोन होते," मी म्हटलं.