कथलाचे छर्रे

टेबलाच्या कडेला एक वण आहे,
रुपयाएवढा, गोल, लाकडात रुतलेला.
तिथं अब्बांचं काडतूस वळायचं यंत्र कसलेलं असे.

आम्ही शिकलगार. तलवारींचे दिवस गेले
तेव्हा आजोबांनी बंदुका धरल्या.
बंदुकांचेही जाणार, हे अब्बांना
उद्यमनगरात लेथवर उभं राहून कळत होतं.
तरी दिवाळी सरली की इंगळे सरकारांची जीप थांबे
आणि मागच्या सीटवरनं ती उतरे,
दुनळी, विलायती, सरकारांच्या आज्याच्या वयाची.
पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी,
कळंब्याच्या पाण्यात खडा टाकावा
तशी तिच्या अंगावर वलयं.

मी नऊ वर्षांची. माझ्याकडे बुरणूस.
त्याच्या चकत्या पाडायच्या,
दारू आणि छर्रे यांच्या मधली मऊ भिंत.
"ह्यांची गाठ पडता कामा नये," अब्बा म्हणत,
जसं काही बांधावरनं भांडलेल्या भावांचं सांगतायत.

त्या साली सरकारांनी एक हळदी-कुंकू पाठवलं,
बदक, चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल.
बार लागलेला नव्हता.
काठावर बसलेलं, उडेना, गड्यानं नुसतं उचललं.
छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं.
अम्मानं संगदाना चिरला: वाळू, खडे,
आणि खड्यांत एक झिजून चकाकणारा दाणा.
अब्बांनी तो नखावर घेतला.
शिशावर कुणाचं नाव नसतं,
पण आपलं अक्षर ओळखावं तसा त्यांनी तो ओळखला.
मागल्या सालचे चुकलेले बार तळाशी बसले होते.
पाखरं खडे समजून वेचत होती.

अम्मानं ते शिजवलं नाही.

सरकार म्हणाले, "दस्तगीर, बेअरिंगच्या बारीक गोळ्या भर की,
तुमच्यात पोत्यानं मिळत्यात."
अब्बांनी नळी उजेडाकडे धरली,
एक डोळा मिटून बराच वेळ आत बघितलं.
"म्हातारी हाय, सरकार. लोखंड हिला ओरबाडंल.
दात पडलेल्याला कोण फुटाणं देतंय व्हय?"

मग कल्हईवाल्याकडनं कथील आलं.
अब्बा माळ्यावरनं चाळणीतून ओतत,
खाली मी आणि बादली.
थेंब पाण्यात चुर्र करत.
निम्मे शेपटीचे निघाले, बेडकांच्या पिल्लांसारखे,
ते परत कढईत.
आणि कथील हलकं. तीस पावलांवरच्या पत्र्याला
टिचक्या मारून खाली पडलं.

मुंबईवरनं बिस्मथ मागवलं.
त्याची किंमत अम्माला शेवटपर्यंत खरी कळली नाही.
थिजताना त्यावर मोरपिशी रंग चढायचा.
एकटं ठिसूळ; कथलासंगं निभावलं.
पत्र्याला भोकं पडली. मी मोजली, एकशे सात.
अब्बा हसले नाहीत, फक्त पत्रा उलटा करून
मागल्या बाजूनं बोट फिरवलं.

पंचवीस काडतुसं भरली, तोंडाला मेण लावलं.
पुढच्या हिवाळ्याआधी कायदा आला.
सरकार स्वतः चालत आले, जीप न घेता,
चहा प्याले, काडतुसांचं नाव कुणी काढलं नाही.

अब्बांनी ती एकेक उघडली.
दारू पाण्यात. छर्रे बरणीत.
पहिल्या, हलक्या दाण्यांची पातेल्याला कल्हई झाली.
पाखराला ते लागले असते का,
तळ्यानं ते पचवले असते का,
ते पत्र्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

बंदूक आता नातवाच्या नावावर.
निवडणूक आली की ठाण्यात जमा होते,
पावती दाखवून परत येते,
नळी पुसायला माझ्याकडे.
मी उजेडाकडे धरते. ओरखडा नाही.

रमजान संपत आला की त्याच वणावर
मी शेवयांचं यंत्र कसते.
स्क्रू जरा तिरका बसतो.
खाली बुरणुसाची एक चकती घालावी लागते.