कानोसा

नोव्हेंबर सरता सरता वार्डोतून सूर्य जातो
तो जानेवारी उतरणीला लागेस्तोवर येत नाही.
त्यामुळे 'रात्री तीनला सर्व्हर पडला' या वाक्यात
'रात्री' हा शब्द तसा फुकटचा.

पडायचा मात्र तीनलाच.
चारला मासळीचा लिलाव उघडतो,
त्याआधी बोटी आपापले आकडे भरतात,
कॉड किती किलो, हॅडॉक किती,
बर्फात ठेवल्याला तास किती.

देखरेख नव्हती तेव्हा हिल्मार होता.
'टेर्ना' बोटीचा मालक, वय एकाहत्तर.
फोनवर नमस्कार-चमत्कार नाही.
"आस्लाक, तुझं दुकान बंद आहे."
एवढं बोलून ठेवून द्यायचा.
मी उठायचो, सर्व्हरला उठवायचो,
पुन्हा झोपायचो.

ब्योर्ग म्हणाली, हे बरं दिसत नाही.
शनिवारी मोजायला बसलो.
प्रोसेसर किती तापतो, मेमरी किती खातो.
डिस्कनं पहिल्याच तासाला कबुली दिली:
दोन वर्षांचे लॉग, कुणी न वाचलेले,
सत्त्याण्णव टक्के.
रोज तीनला बॅकअप उरलीसुरली जागा गिळायचा
आणि सर्व्हर आडवा.
ज्याला मी दैव समजत होतो
ती अडगळ होती.

मग इशारे लावले. ऐंशीला पिवळा, नव्वदला लाल.
नवशिक्या हातानं दिसेल त्याला लावले.
आठवड्यात फोन दोनशे बारा वेळा किंचाळला,
त्यातला खरा लांडगा एक.
टोरुन म्हणाली, या खोलीत तो झोपेल, नाहीतर मी.
फोन न्हाणीघरात गेला,
तिथं फरशीवर थरथरत फिरत राहिला.
तेव्हा एकेक इशारा काढत गेलो.
काय कळलं नाही तरी चालतं
हे कळायला दीड महिना.

एक तपासणीचं पान केलं.
दर मिनिटाला विचारायचं, बरा आहेस?
बरा आहे.
डेटाबेस तळाला गेलेला असतानाही, बरा आहे.
(ट्रॉम्सोच्या इस्पितळातून वडीलही असंच म्हणायचे.)
म्हणून प्रश्न बदलला.
कालची शेवटची बोली किती क्रोनरची, ते सांग.

फेब्रुवारीत आलेख सपाट झाले, हिरवे.
हिल्मारचा फोन येईनासा झाला.
ब्योर्गनं केक आणला,
वर हिरव्या साखरेची रेघ.

आणि एका मंगळवारी
डिस्क एकेचाळीस टक्के, प्रोसेसर निवांत,
इतका निवांत की माझीही झोप मोडली नाही.
आठला धक्क्यावर गेलो
तर पेट्यांच्या रांगा, आणि रांगांशी माणसं,
हात खिशात घालून.
बोगद्याच्या तोंडाशी केबल तुटली होती.
बाहेरचं कुणी आत पोचतच नव्हतं.
आत तो एकटा बसून
दर मिनिटाला स्वतःला सांगत होता, बरा आहे.
राखणदार मी त्याच मशीनवर बसवला होता,
ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच घरी.

"फोन का नाही केलास?"
हिल्मारनं पेटीवरचा बर्फ उगाच सारखा केला.
"तुला आता मशीन सांगतं ना?"

राखणदार आल्टाला हलवला, दुसऱ्याच्या छपराखाली.
तो आता परक्यासारखा येऊन दार वाजवतो.
एक नियम नवा घातला:
चार वाजून दहापर्यंत एकही बोट आली नाही
तर मला उठव.
काही बिघडलं म्हणून नाही. काहीच घडलं नाही म्हणून.

उठवायच्या यादीत पहिलं नाव माझं, दुसरं ब्योर्गचं.
तिसऱ्या ओळीत हिल्मारचा नंबर.
तो म्हणाला, मला यातलं काय कळतंय?
म्हटलं, काही नाही. बंद असलं तर बंद आहे म्हणायचं.
त्यानं जरा विचार केला,
मग विचारलं,
महिन्याचे किती?