उसवण

अथेन्स, डिसेंबर १९४४

ऑक्टोबरात मीच शिवला होता त्यांचा झेंडा.
नमुना नव्हता. शेजारच्या थ्रासोसने
कधीतरी चहाच्या डब्यावर पाहिलेला,
तो आठवून आठवून सांगायचा:
निळ्यावर तांबडी फुली, खालून तिरप्या पांढऱ्या पट्ट्या...
निळ्यासाठी माझा ॲप्रन गेला,
पांढऱ्यासाठी सासूने मरणासाठी राखलेली चादर.
तांबडं मिळेना.
उशीचा अभ्रा बीटाच्या पाण्यात बुडवला,
तो निघाला गुलाबी.
तसाच लावला.
रणगाड्यावरच्या पोराने झेंड्याला हात लावून पाहिला,
हसला, आणि मांसाचा डबा दिला मला, किल्लीसकट.
तीन हिवाळे रानपाला उकडून खाल्लेला आम्ही.
ती किल्ली अजून खिळ्याला आहे.

आता त्याच पोरांची ठाणी ॲक्रोपोलिसवर.
तिथून आमची केसारियानी दिसते म्हणे तळहातासारखी,
कुणाच्या दोरीवर कुणाचं धुणं, तेसुद्धा.
मी धुणं आत घेतलंय.

रविवारी चौकात माणसं पडली.
आधी कोणी झाडली, मला विचारू नका.
धाकटा भाऊ स्टाथिस डोंगरातून उतरला, दाढीसकट, बंदुकीसकट.
बहिणीचा नवरा ठाण्यात, खिडकीला गाद्या लावून.
दोघांचे सदरे मी शिवलेले,
एकाच ताग्यातले,
कॉलरच्या आत माझ्या खुणेचा तांबडा टाका.
मधे तिसरा येऊन उभा राहिलाय.
म्हणतो, भांडण सोडवायला आलो.
भांडण सोडवणारा हात एकाचाच धरतो,
हे स्मिर्नाच्या गल्लीत
दुधाचे दात पडायच्या आधी कळलं होतं आम्हाला.

पिरेयसहून चालत आलेली अर्गिरो सांगते,
तिकडे फेटेवाले शिपाई उतरलेत, फार लांबचे.
एकाने तिच्याकडे पाणी मागितलं,
भांड्याला ओठ न लावता ओंजळीने प्यायला.
हिने खाणाखुणा करून विचारलं,
तुझा मुलूख सुटला का रे?
त्याने ओला हात दाढीवरून फिरवला
आणि बंदूक उचलली.

काल विमान आलं. इतकं खाली,
की वैमानिकाचा मफलर दिसला.
थ्रासोसच्या मांडीत घुसली.
घरात चिंधी उरली नव्हती.
पेटीतून झेंडा काढला, उसवायला बसले.
गाठी दातांनी तोडल्या.
एवढे घट्ट टाके का घातले होते मी?
वाऱ्याने फाटू नये म्हणून, दुसरं काय.
पांढरं आधी संपलं, मग निळं.
गुलाबी फुली दाबून धरली तेव्हा
थ्रासोस कण्हत म्हणाला,
पोलिक्सेनी, आता आला बघ बरोबर रंग.

रात्री गल्लीतून कुणी ओरडत गेलं,
ठाणं पडलं, पडलं ठाणं!
थोड्या वेळाने बहीण आली. बोलली नाही काही.
मी तिला स्टाथिसच्या अंथरुणावर निजवलं.