प्रश्नसमिती, दुसरा दिवस

डलूथच्या हॉटेलात, तळमजल्यावरच्या खोलीत
आम्ही सात जण. काचेपलीकडे गोठलेलं सरोवर,
अलीकडे थर्मासभर कॉफी आणि नियमांचा कागद:
प्रश्नात 'नाही' नको. असलाच तर ठळक.
'वरीलपैकी सर्व' हा निव्वळ आळस.
चुकीची उत्तरंही अशी हवीत
की शहाण्यानं क्षणभर अडखळावं.

मी लिहून आणलेला प्रश्न असा:
कागदाच्या गिरणीतला कामगार, वय त्रेपन्न,
उजवा हात मनगटापासून गेलेला.
पहिल्याच भेटीत म्हणतो, मला कामच नको.
समुपदेशकाने सर्वप्रथम काय करावे?

त्याच्या अकॉर्डियनचं एक वाक्य होतं. थॅडियसनं खोडलं.
"उत्तराला जे लागत नाही, ते प्रश्नात नको."
बरोबरच आहे.
म्हातारी कुत्री गेली. भावाच्या घरचं तळघर गेलं.
उरला तो कुणीही असू शकला असता
आणि तेच तर हवं होतं.

मार्गरीट कानांनी वाचते.
यंत्र तिच्याशी इतक्या वेगानं बोलतं
की आम्हाला ती रातकिड्याची किरकिर वाटते.
ती म्हणाली, "उत्तर क."
अगं, प्रश्न तरी ऐक!
"पर्याय ऐकले. क संपायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.
खरं बोलताना तुम्ही लोक फार सांभाळून बोलता."

हशा झाला. मग तासभर
खऱ्याला खोट्याच्या मापाचं केलं.
'शक्यतो' काढलं. 'त्याच्या संमतीने' काढलं.
'घाई न करता' काढताना माझं बोट
कळीवर जरा रेंगाळलं.
चारही ओळी सारख्या. हात वर झाले.
प्रश्न पेढीत जमा.

आर्वो निएमी त्या दिवशी खुर्चीत बसलाच नव्हता.
दाराशी उभा राहून त्यानं मलाच विचारलं होतं,
"आधी तू सांग. डाव्या हातानं
डाव्याच बाहीचं बटण कसं लावायचं?"

मला येत नव्हतं.
मी माझा उजवा हात पाठीमागे धरला,
आणि वीसेक मिनिटं आम्ही दोघं,
दात, टेबलाची कड, गुडघा,
जे सापडेल ते वापरत
एकेका बटणाशी झटत राहिलो.
त्याचं आधी लागलं.

परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर.
कुणी पोरगी क वर खूण करेल,
पुढच्या प्रश्नाकडे वळेल.
वळू दे.
तिचा आर्वो अजून दाराशी यायचाय.